खालच्या अंगाला

लातूरच्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवतो, तिथल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. मीही फार उशिरा पाहिला, आणि ज्या कामासाठी पाहिला त्या कामासाठी तो कुणाला पाहायला लागू नये. शिकवत मात्र होतो. किनारपट्टीचा धडा आला की फळ्यावर एक उभी रेघ ओढायची. तिच्या डावीकडं निळ्या खडूनं पाणी, उजवीकडं सह्याद्रीचे दाते, मधे चिंचोळी पट्टी. मग व्यवसाय सांगायचे. मासेमारी, मीठ, नारळ-सुपारी, आंबा, बंदरं. आणि शेवटी मुलांच्या लक्षात राहावं म्हणून मी पदरचं एक वाक्य जोडायचो: समुद्राला दुष्काळ नसतो. ज्या गावानं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून उन्हाळे काढले, तिथं हे वाक्य चांगलं चालायचं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

हेच वाक्य मी एका भाऊबिजेला दाजींना ऐकवलं. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. तिला आम्ही अर्धापूरकडच्या एका गावात दिलेली. केळीचा मुलूख, गोदावरी पोहायला जाण्याइतकी जवळ. दाजी केळी कटाईच्या टोळीत होते. घड कापायचा, खांद्यावर घ्यायचा, वाफ्यातून चिखल तुडवत गाडीपर्यंत आणायचा, एकाही केळ्याला डाग लागू द्यायचा नाही. अंगानं दणकट, बोलायला मऊ. त्या वर्षी वादळानं बागा आडव्या केल्या होत्या, आणि ज्या उभ्या राहिल्या तिथं व्यापारी माल धुऊन खोक्यात भरायला आपलीच माणसं घेऊन येऊ लागले होते. टोळी बसून होती. जेवण झाल्यावर पान लावता लावता दाजी मला म्हणाले, "सर, तुमच्या त्या समुद्रात काम काय काय असतंय?"

मेहुण्यानं आपल्याला काही विचारावं, तेही आपल्या विषयातलं, याचा मला आनंद झाला. मी तासच घेतला म्हणा ना. मोठ्या बोटी, बर्फाचे कारखाने, धक्क्यावरचे लिलाव, सुकी मासळी, परदेशी जाणारी कोळंबी. तिथल्या तरुण पोरांना आता बोटीवर जायचं नसतं, त्यामुळं बाहेरची माणसं लागतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं, तेही सांगितलं. आणि शेवटी वाक्य. दाजींनी ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले. बहीण चुलीपाशी होती. ती म्हणाली, "दादा, त्यांच्या डोक्यात कायबी भरवू नकोस. गेलेच तर तुलाच आणाया लावीन." आम्ही तिघंही हसलो.

महिन्याभरात ते गेले. देगलूरकडचा एक ओळखीचा माणूस आधीच एका बोटीवर खलाशी होता, त्यानं लावून दिलं. धक्क्यावर आले की दाजी फोन करायचे. आवाजात थट्टा असायची. "सर, तुमच्या पुस्तकात एक ऱ्हायलं बघा. इथं बी प्यायचं पानी इकतच घेतोय. चौकडं पानीच पानी, अन् आमी जारवाल्याची वाट बघून ऱ्हायलो." मग मासळी किती आली, बर्फ किती लागतो, उलट्या आता थांबल्या, असं सांगायचे. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ते सांगायचो. माझे पाव्हणे समुद्रावर असतात, असं म्हणताना मला बरं वाटायचं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटायचं हे खरं आहे.

होळी होऊन गेल्यावर देगलूरच्या त्या माणसाचा फोन आला. पहाटे जाळं ओढून झालं आणि माणसं मोजली तर एक कमी निघाला. पडताना कुणी पाहिलं नव्हतं. आवाजही कुणी ऐकला नव्हता. बोटी घेऊन शोधलं, पोलिसांना कळवलं. "या," एवढंच म्हणाला.

मी आणि आबा निघालो. आबा म्हणजे दाजींचे चुलते. गोदावरीच्या त्या पट्ट्यात कुणी बुडालं की आधी आबांना बोलावणं जातं. पाणी किती, ओढ कुठं, डोह कुठं, बंधाऱ्याच्या कोणत्या मोरीपाशी माणूस अडकेल, हे सगळं त्यांचं ठरलेलं असतं. आयुष्यात त्यांनी कितीतरी जणांना बाहेर काढून घरच्यांच्या हवाली केलं आहे. त्यांचं एक म्हणणं असतं, आणि ते आमच्याकडं म्हणीसारखं चालतं: नदी परक्याचं ठेवून घेत न्हाई. तीन दिवसांत खालच्या अंगाला आणून देते. आजवर नदीनं त्यांना खोटं पाडलं नव्हतं.

लातूरहून एक बस, मग दुसरी, मग घाट. घाट उतरताना आबा खिडकीच्या गजाला धरून बसले होते. बंदरात उतरलो तेव्हा सकाळ होती आणि धक्क्यावर गर्दी होती. बर्फ फोडण्याचा आवाज, डिझेलचा वास, ओल्या टोपल्या. मी ज्याची रेघ ओढत आलो होतो तो समोर होता. मला काही वाटलं नाही. आबा धक्क्याच्या टोकापर्यंत गेले, चप्पल काढली, हात जोडले आणि जवळच जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, त्यांनी विचारलं, "दादा, पानी कुनीकडं वाहतंय?"

तांडेल म्हणाला, "आता ओहोटी आहे, बाहेर जातंय. दुपारी भरतीला परत आत येईल."

आबांना वाटलं, परगावचा माणूस बघून थट्टा करतोय. त्यांनी जरा थांबून पुन्हा तेच विचारलं. तांडेलानं आमच्याकडं नीट पाहिलं, मग त्याला उमजलं असावं. सुई खाली ठेवून म्हणाला, की या दिवसांत थोडी ओढ दक्षिणेला असते, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. आबांनी शेवटचं ऐकलंच नाही. त्यांना दिशा मिळाली होती. माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, खालचं अंग दक्षिण हाय. चला."

मी भूगोलाचा मास्तर. चंद्र, पृथ्वी, पाण्याचे दोन फुगवटे आणि बाण, ही आकृती मी दरवर्षी काढतो, परीक्षेत विचारतो, बाण चुकला तर गुण कापतो. समुद्राला खालचं अंग नसतं हे त्या धक्क्यावर आम्हा दोघांत मला एकट्याला ठाऊक होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर मग पुढं करायचं काय? दाजी सगळीकडं आहेत, म्हणजे कुठंच नाहीत, असं म्हणून परतीच्या बसमध्ये बसायचं? आबांच्या पायांना जायला एक वाट तरी होती. मी त्यांच्या मागं निघालो. मनाला सांगितलं, म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून. ते खरं नव्हतं. मला स्वतःलाच ती वाट हवी होती.

निघण्याआधी देगलूरचा तो खलाशी भेटला. माझा हात हातात घेऊन त्यानं विचारलं, "तुमीच का ते सर?" मी म्हणालो, कोणते. तो म्हणाला, "जाळ्यात काय न्हाई आलं की ते म्हनायचे, आमचे सर सांगतेत, समुद्राला दुष्काळ नसतो. आमी लई हसायचो." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो दुसरीकडं बघत बसला.

आम्ही चालत राहिलो. माझ्या फळ्यावरची सरळ रेघ तिथं कुठंच नव्हती. मैलभर वाळू, मग कातळ, मग खाडी. खाडी आली की होडी मिळेपर्यंत थांबायचं, नाहीतर पुलासाठी आत कुठवर तरी जायचं आणि पलीकडून तेवढंच परत यायचं. प्रत्येक वाडीत आबा विचारायचे, आणि माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची. बाया जवळा वाळत घालत असायच्या. गुलाबी बारीक जवळ्यानं अंगणंच्या अंगणं झाकलेली. एका ठिकाणी ट्रकमध्ये मासळी फावड्यानं भरत होते. खाण्याची नव्हे, कोंबड्यांच्या खाद्यासाठी दळायची. बारीक पिल्लंसुद्धा त्यातच. मोठी मासळी आता मिळत नाही म्हणून हेही ओढून आणावं लागतं, असं तिथला माणूस म्हणाला. बोटी अजून लांब जातात, अजून अंधारात जातात. मी ऐकत होतो. माझ्या धड्यात मासेमारीपुढं फक्त एक स्वल्पविराम होता.

लोकांनी आम्हाला उपाशी राहू दिलं नाही. एका घरी भात आणि माशाची आमटी वाढली. आबांनी भात कोराच खाल्ला. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या पान्यातलं मला जानार न्हाई सर." मी आमटी खाल्ली होती. मला भूक लागली होती.

आबा दर वळणावर थांबून पाण्याकडं टक लावून बघायचे. त्यांची नजर बंधारा शोधत होती. जिथं पाणी अडेल, वळसा घेईल आणि आणलेलं ठेवून देईल असं काहीतरी. एकदा होडीच्या वाटेवर दिवसभर एकाच जागी अडकलो आणि संध्याकाळी आम्ही वाळूवर बसलो होतो. सकाळी तिथंच कुणीतरी टाकलेली फुटकी टोपली लाटांनी आत नेताना आबांनी पाहिली होती. आता तीच टोपली लाटा परत वर आणून टाकत होत्या. आबा कितीतरी वेळ तिच्याकडं बघत होते. त्यांना त्या वेळी कळलं असावं, असं मला आता वाटतं. सकाळी उठून आम्ही पुन्हा दक्षिणेलाच चालू लागलो.

शेवटी आबांचे पाय सुजले आणि आम्ही परतलो. काही मिळालं नव्हतं.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आम्ही गावात शिरलो तेव्हा पारावर माणसं जमली होती. आबांनी एवढंच सांगितलं, की खालच्या अंगाला लांबवर जाऊन आलो, कुठंच न्हाई. ते खाली मान घालून घरी गेले. पण गावानं त्यांच्या शब्दांचा नदीच्या हिशेबानं अर्थ लावला. नदी ठेवून घेत नाही. आबांना सापडला नाही, म्हणजे तो पाण्यात गेलाच नाही. त्यात दाजी गोदावरी आडवी पोहून जाणारे. मग कुणी म्हणालं, दुसऱ्या बोटीवर चढून गेला असेल. कुणी म्हणालं, तिकडं घर केलं असेल. हे बोलणं नायगावच्या बाजारापर्यंत गेलं आणि तिथून आणखी काही चिकटवून परत आलं.

दाजींच्या आईला तर हे बोलणं देवानं दिल्यासारखं झालं. लेक जिता आहे. कुठंतरी आहे. मग तो येत का नाही, याचं कारण घरातच सापडलं. माझी बहीण. तिच्या तोंडाला कंटाळून गेला, असं त्या पाणी भरताना, भाकरी थापताना, आल्यागेल्यासमोर बोलू लागल्या. कुंकू लावून बसलीय, पण नवऱ्यानं टाकलीय, असं आळीतल्या बाया हळू आवाजात म्हणायच्या. बोटमालकानं दाजींची पिशवी एसटीनं पाठवली होती. दोन शर्ट, एक टॉवेल, चार्जर, बायकोला घेतलेल्या बांगड्या कागदात गुंडाळलेल्या. बहीण मला फोनवर एकदाच म्हणाली, "पळून जाणारा मानूस पिशवी ठिवून जातो का रे दादा?" मी म्हणालो, बघू, चौकशी चालू आहे. कसलीही चौकशी चालू नव्हती.

आमच्याकडं नवरा गेला की बाईला पहिलं लुगडं माहेरचं लागतं. दुखवट्याचं. ते भावानं न्यायचं. ते अंगावर पडेपर्यंत तिला विधवा म्हणायला कुणाची जीभ वळत नाही, आणि ते पडल्यावर दुसरं काही म्हणता येत नाही. म्हणून सगळे माझ्याकडं बघत होते. सासू बघत होती ती मी येऊ नये म्हणून. बहीण कशासाठी बघत होती ते मला कळत होतं, आणि म्हणून मी महिने न् महिने तिकडं फिरकलो नाही. लातूरजवळच्या मुरुडला जाऊन आलो, नांदेडच्या पुढं एका लग्नाला जाऊन आलो, अर्धापूरचा फाटा दोनदा ओलांडला. शाळा, पेपर, पत्नीची तब्येत, कारणं मिळत गेली. एका वाक्यानं मी त्या माणसाला घराबाहेर काढलं होतं. आता दुसऱ्या वाक्यानं मला त्याला मारायचं होतं, आणि ते मला जमत नव्हतं. तोवर ती टाकलेली बाई म्हणून जगत होती.

मग भाऊबीज आली. ती मात्र टाळता आली नाही.

तिनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकवाचा करंडा. मी पाटावर बसलो, टोपी घातली. मागच्या खोलीत सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या, त्याचा आवाज येत होता. बहिणीनं निरांजन लावलं, ताट उचललं, आणि ओवाळायच्या आधी पुन्हा खाली ठेवलं.

"दादा," ती म्हणाली, "समुद्र कुनीकडं वाहतो?"

मी तिच्या हाताकडं बघत राहिलो. बोटांना पिठाचे कण होते.

"कुणीकडंच नाही," मी म्हणालो. "येतो आणि जातो. रोज दोनदा."

"मंग त्यात गेलेला मानूस?"

"तोही तसाच. कधी लागतो किनाऱ्याला. कधी नाही."

"नदीसारखं न्हाई म्हन की."

"नाही. नदीसारखं नाही. नाही सापडला म्हणजे नाही गेला, असं तिथं नसतं."

मागच्या खोलीतला सुपाचा आवाज थांबला होता. बहीण रडली नाही. निरांजनाची ज्योत वाऱ्यानं वाकत होती, तिनं तिला हाताचा आडोसा केला.

"हे तुला तिथं जाऊन कळलं का आदीच ठावं होतं?"

"आधीच ठाऊक होतं."

"मंग तुमी दोघं एवढं खाली कशाला चालत गेला?"

आबांचं उत्तर आहे, ते नदीचे आहेत. माझं नाही. मी मान खाली घालून पाटावर बसलो होतो. वर्गात आकृती न आलेली मुलं बसतात तसा.

तिनं ताट उचललं आणि मला ओवाळलं. नेहमीसारखंच, सावकाश, काही चुकू न देता. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. ओवाळणीचे पैसे घेतले नाहीत, ताटातून उचलून माझ्या खिशात ठेवले. मग करंड्याचं झाकण लावलं आणि तो फळीवर, आरशाच्या मागं, सहज हात जाणार नाही असा ठेवला. आतून सासूबाईंचा आवाज आला. सुरुवातीला तो रडण्याचा आहे हे मला समजलंच नाही.

जेवण मी केलं. ती वाढत होती म्हणून केलं. निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "फुडच्या खेपेला लुगडं घेऊन ये. माहेरचं लागतंय." आणि थोडं थांबून, "लई उशीर करू नकोस."

लातूरला आल्यावर मी पाच-सहा दिवस बाजाराच्या रस्त्यानं गेलो नाही. मग एका दुपारी शाळा सुटल्यावर गेलो. नेहमीचं दुकान, सगळे आहेर तिथूनच. दुकानदार ओळखीचा, त्याचा मुलगा माझ्या हाताखालून गेलेला. गादीवर बसवलं, चहा सांगितला, कुणासाठी दाखवू म्हणाला. मी म्हणालो, बहिणीला.

"मग चांगल्याच दाखवतो की सर," असं म्हणून त्यानं साड्या काढायला सुरुवात केली. हिरवी काढली, मोरपंखी काढली, जांभळ्या काठाची डाळिंबी काढली. पदर उलगडून माझ्या मांडीपर्यंत पसरत गेला. ही धुतली तरी रंग जायचा नाही, हिचा काठ बघा, ही आपल्या ताईंना उठून दिसेल. मी त्याला थांबवलं नाही. चहा आला, गार झाला. गादीवर रंगांचा ढीग वाढत गेला आणि मी प्रत्येक साडीला हात लावून बघत होतो, जणू त्यातली एखादी घ्यायचीच आहे.

शेवटी त्यानंच विचारलं, "सर, कार्यक्रम काय हाय?"

"दुखवट्याची पाहिजे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या साड्या एकेक करून घड्या घालत बाजूला ठेवल्या, उठला आणि मागच्या फळीकडं गेला.